टाकीमागचा फड्या

३ जानेवारी, सांगली

पोचले एकदाची. साताऱ्याहून सकाळची एसटी, मांडीवर लेकीनं, पूजानं दिलेला थालीपिठांचा डबा, आणि शेजारी उंब्रजपर्यंत अखंड बोलणाऱ्या एक आजीबाई. फार दिवसांनी एकटीनं प्रवास केला. मजा आली.

क्षमाचं घर स्टेशनपासून आत, शांत गल्लीत आहे. दुमजली, पांढरं, फाटकापाशी दोन क्रोटन. वरच्या मजल्यावर माझी खोली आणि खोलीबाहेर सगळी गच्ची. क्षमा मुलाकडे, ऋषिराजकडे कॅनडाला निघाली आहे. सूनबाईंचे दिवस भरत आलेत. सहा महिने घर सांभाळ आणि माझी कॅक्टस जगव, असं तिनं डिसेंबरात फोनवर म्हटलं आणि मी लगेच हो म्हणून बसले. पाचगणीच्या शाळेत आमचे पलंग शेजारी होते. पन्नास वर्षांत तिला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

तिच्याकडे पाहून जरा हसू आलं. कॉलेजातसुद्धा मसुराएवढी टिकली लावणारी क्षमा आज रुपयाएवढं कुंकू लावून उभी. शिवाय हातात लोकरीचे मोजे, आणि ते भर दुपारी, सांगलीत! कॅनडा घरीच सुरू केलास का, असं मी विचारलं. ती हसली, पण मोजे काढले नाहीत. टॅक्सी आली तेव्हा मी सवयीनं मिठी मारायला गेले तर ती चक्क मागे सरकली. सर्दी झालीय म्हणाली. दोन्ही हात पाठीमागे, प्रार्थनेला उशीर झालेल्या मुलीसारखे.

सूचना एकच देऊन गेली. सगळी झाडं तुझी, हवं ते कर, फक्त पाण्याच्या टाकीमागच्या फड्या निवडुंगाला हात लावू नकोस. एवढं आहे तर फेकून का नाही देत, असं विचारलं, तर म्हणाली, फेकून झालंय गं निमी, परत फुटतो.

तिकडे थंडी फार आहे ना, हे मात्र तिनं दोनदा विचारलं. जणू मीच तिकडून आले होते!

५ जानेवारी

गच्चीवर दिवस कसा जातो कळत नाही. गोल, लांबट, केसाळ, फण्यासारखे, किती प्रकार जमवलेत हिनं! एक तर अगदी आमच्या जुन्या फादरांच्या दाढीसारखा आहे, पांढराशुभ्र. पण मधे निगा राहिलेली नाही. गोल कॅक्टसच्या खाचांमध्ये पिठ्या ढेकूण बसलाय, लांबून पाहिलं तर पीठ सांडल्यासारखा. खालच्या क्रोटनच्या देठांवर खवल्यांची कीड आहे, मसुराची डाळ चिकटवावी तशी. दोन कुंड्यांना लाल कोळ्यानं बारीक जाळी करून पार पिवळं केलंय.

सिस्टर बेनेडिक्टांची आठवण आली. शाळेच्या बागेत त्या आम्हाला कापूस आणि स्पिरिटची बाटली द्यायच्या. आजारी कुंडी आधी वेगळी काढायची. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून एकेक कीड टिपायची, घाई करायची नाही. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी संध्याकाळी, उन्हं गेल्यावर. आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही बोट लावायचं नाही, झाडाला नाही की स्वतःच्या तोंडाला नाही. मग त्या आमची बोटं तपासायच्या. क्षमाची आणि माझी नेहमी शेवटी.

मागच्या खोलीत दगडाबाई राहते. आष्ट्याकडची आहे, मुलगा मिलिटरीत, ती एकटीच. धुणंभांडी करते आणि दिवसभर बोलते. मी काडीनं कॅक्टस पुसताना पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आवं ताई, ह्या काट्याला कसली आंगूळ घालताय, येवढी तर मी नातवाला बी घालत न्हाई, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या नातवाला कीड लागली तर त्यालाही घालीन. त्यावर म्हणाली, त्याला मोबाइलची लागलीया, तुमच्या बाटलीनं न्हाई जायची. दोघी खूप हसलो.

८ जानेवारी

आज टाकीमागे गेले. क्षमाचा शब्द मोडायचा नव्हता. पण टाकीचं पाणी कुठून गळतंय ते बघायला गेले आणि तो दिसला. मोठ्या मातीच्या कुंडीत पुरुषभर उंच फड्या, हाताच्या पंजांसारखी पानं एकावर एक, आणि सगळ्यावर पांढरा कापूस. पिंजून चिकटवल्यासारखे पुंजके. हिरवं कुठं दिसतच नव्हतं. इतकं आजारी झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. मला ते सोडवेना. काडी, कापूस, स्पिरिट घेऊन बसले.

पहिला पुंजका टिपला तर कापूस लालभडक झाला. मी चपापले, बोट कापलं वाटलं. मग आठवलं. फड्यावरच्या या किडीच्या पोटातच लाल रंग असतो, पूर्वी त्याचं कापड रंगवत, असं सिस्टर सांगायच्या. एक पुंजका काडीला येईना म्हणून बोटानंच चिरडला. इतका सुरेख रंग! ओल्या कुंकवाचा, अगदी तोच.

आणि मग एक वेडेपणा झाला. मधलं बोट आपोआप वर गेलं आणि कपाळाला टेकलं. पस्तीस वर्षांची सवय हो. लाल लागलेलं बोट दुसरीकडे कुठं जाणार? हे गेल्यापासून मी कुंकू लावलेलं नाही. कुणी काढ म्हटलं नव्हतं, मीच काढलं. टाकीच्या ओल्या पत्र्यात चेहरा दिसला. अगदी पूर्वीचा. मी तिथंच बसून राहिले आणि जरा रडले.

लगेच धुवायला हवं होतं. सिस्टर रागावल्या असत्या. रात्रीपर्यंत तसंच ठेवलं.

१० जानेवारी

कुंकू जात नाही. साबण, खोबरेल तेल, स्पिरिट, सगळं झालं. कपाळावर रुपयाएवढा ठिपका, लावला होता त्याहून मोठा. रंगच पक्का असेल. दगडाबाईनं पाहिलं आणि खुशीत आली. बरं केलंसा ताई, लय झ्याक दिसतंय, म्हणाली. तिला काय सांगणार! थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

फड्याकडे परत गेले नाही. पण आता रोज दुपारी ऊन फार छान वाटतं. जेवणापेक्षा.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाच्या वड्या केल्या. दगडाबाई नवी साडी नेसून आली. तिनं मला हळदकुंकू लावलं, कपाळाकडे पाहून म्हणाली, हितं जागाच न्हाई की! मग मलाही लावा म्हणाली. मी देवघरातला करंडा उघडला, कोरडं कुंकू. चिमूट घेण्याआधीच बोट तिच्या कपाळाला लागलं. मी करंड्यात बोट घातलंच नव्हतं. तरी तिच्या कपाळावर लाल, ओला, गोल ठिपका उमटला.

बोट पाहिलं. कोरडं, स्वच्छ. नखाखाली एवढंसं पांढरं, कापसाचा तंतू असावा तसं.

१७ जानेवारी

कपाळावर पांढरं आलं आहे. आरशात अगदी जवळून पाहिलं. लाल ठिपक्याच्या कडेनं, सुरकुत्यांमधून, पीठ सांडल्यासारखं. काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला आणि टिपलं. कापूस लाल झाला. दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्वचेचे डॉक्टर, तरुण, फार सौम्य. कुंकवातल्या रासायनिक रंगाची अ‍ॅलर्जी म्हणाले आणि मलम दिलं. पांढरं दिसलं नाही त्यांना. मी दाखवायला कपाळ पुढे केलं तर त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, आजी, इथं काहीच नाहीये. निघताना नमस्कार करायच्या ऐवजी माझा हात त्यांच्या कपाळाकडे गेला. मी तो दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. ते हसले. त्यांना वाटलं, आशीर्वाद देतेय.

घरी येईपर्यंत दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसले रिक्षात. क्षमाचे लोकरीचे मोजे आठवले.

१९ जानेवारी

दगडाबाई बोलत नाही. भांडी तशीच पडलीत. दुपारी गच्चीवर गेले तर ती टाकीशेजारी भिंतीला टेकून बसली होती, तोंड वर, डोळे मिटून, भर उन्हात. पदर डोक्यावरून घसरलेला. दगडाबाई, आत चल, ऊन लागेल, म्हटलं. डोळे न उघडता म्हणाली, बरं वाटतंय ताई, लय बरं वाटतंय. जरा पानी घाला.

द्या म्हणाली नाही. घाला म्हणाली.

२१ जानेवारी

क्षमाचा व्हिडिओ कॉल. ऋषिराजला मुलगा झाला, आठवडा झालाय! ती घरातसुद्धा लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढून बसली होती आणि हातात तेच मोजे. मी काही बोलायच्या आत तिची नजर माझ्या कपाळावर गेली. तिचा चेहरा पार उतरला. फड्याला हात लावलास, एवढंच म्हणाली.

मग सगळं सांगितलं तिनं, हळू आवाजात, दाराकडे बघत. गेल्या पावसाळ्यात तिनंही तो असाच साफ करायला घेतला. तिचंही बोट असंच वर गेलं. काहीच उपयोगी पडलं नाही. थंडीत कीड मरते म्हणून ती तिकडे गेली. मला तिनं मिठी मारली नाही ती त्यासाठी. तुला वाचवलं असं समजत होते गं, म्हणाली आणि रडली. टोपी काढून दाखवली नाही.

मी विचारलं, थंडीनं बरं वाटतंय का. तर म्हणाली, बाळाला अजून मी घेतलेलं नाही. रोज काहीतरी कारण सांगते.

२४ जानेवारी

झाडाला जे करतात ते सगळं केलं. कडुनिंबाचं तेल कपाळाला, साबणाचं पाणी. मग फड्याला कुऱ्हाड. तोडला, मुळं उपटली. मुळांनाही तोच कापूस. गोणत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिला.

दगडाबाई तिथंच बसलेली. हलत नाही. मानेवर मुंग्यांची रांग, काळी, नीट, खाली भिंतीत जाणारी. झटकल्या तर परत आल्या. ओळखीच्या रस्त्यानं याव्यात तशा. मानेच्या घडीत, कोपराच्या आत, बोटांच्या बेचक्यात, जिथं जिथं सांधा आहे तिथं, कापूस.

तिच्या मुलाचा फोन लागत नाही. शेजाऱ्यांना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, काकू, बाई ऊन खात बसल्यात, थंडीचे दिवस आहेत. त्यांना काही दिसत नाही. कुणालाच दिसत नाही.

निघताना त्यांच्या सूनबाई हळदकुंकवाला बोलावून गेल्या. मी दार लावून घेतलं.

२७ जानेवारी

ऋषिराजचा फोन होता. काल बारसं झालं. आईनं किती दिवसांनी मोजे काढले म्हणाला, बाळाला कुंकवाचं पहिलं बोट तिनंच लावलं, सगळ्यांना इतका आनंद झाला. आता आई खिडकीत उन्हाला बसते. बोलत नाही फारशी. बाळ मात्र फार शहाणं आहे म्हणाला, कालपासून एकदाही रडलं नाही. दूध नको म्हणतं. खिडकीकडे तोंड करून शांत पडून असतं.

फोटो पाठवलाय. मी उघडला नाही.

२८ जानेवारी

पूजाचा फोन. रविवारी अश्लेषाचा वाढदिवस, सहा पूर्ण. तिला आजीकडूनच औक्षण हवंय, म्हणून जावई धवलसकट सगळे इकडे येणार. मी नको म्हटलं. बरं नाहीये म्हटलं. मग तर येणारच, म्हणाली.

खरं सांगितलं. कपाळ, कीड, क्षमाचं बाळ, सगळं. मग लहान मुलीशी बोलावं तशी बोलली. आई, तू एकटी राहून घाबरलीस. तुला सोबत घेऊनच परत येऊ आपण.

तिच्या लहानपणी मीही तिच्याशी असंच बोलायचे. अंधाराला भ्यायची ती.

२९ जानेवारी

मीच निघून जावं तर — स्टँडवर, गाडीत, माणसंच माणसं. बायका. कडेवर पोरं. नाही.

आजारी कुंडी वेगळी काढायची. तेच करायचं. खोलीला आतून कडी घातली आहे. वर लांब कडी आहे, जुनी, जाम झालेली, दोन्ही हातांनी ओढावी लागते. बरं आहे.

भूक नाही. तहान फार.

३० जानेवारी

हात टॉवेलनं बांधला होता. जाग आली तेव्हा सुटलेला. बोट स्वतःच्या कपाळावर, गोल गोल फिरत होतं.

एक कळलं. लिहिताना बोट गप्प राहतं. पेन धरलं की पेनातच अडकतं. म्हणून लिहिते. काहीही लिहिते. अश्लेषा कापूरकर. इयत्ता पहिली. आवडता रंग लाल. अश्लेषाला आजीच्या हातची साखरपोळी आवडते. अश्लेषा झोपताना माझा अंगठा धरते.

३१ जानेवारी

ऊन खिडकीतून येतं तिथं खुर्ची कशी आली? मी सरकवली नाही —

सिस्टर बेनेडिक्टा हात दाखव म्हणायच्या. दाखवते सिस्टर. बघा. बेचक्यात बघा.

गच्चीवर पावलं. दगडाबाई. इतक्या दिवसांनी उठली ती. हळू चालते. टाकीपासून जिन्यापर्यंत. परत टाकीपर्यंत. कुणाची वाट पाहावी तशी.

१ फेब्रुवारी

सकाळ. पूजाचा फोन, उंब्रजला चहाला थांबलेत. बोलायला गेले तर आवाज नाही. घसा सुका, नुसता खरखराट. ती म्हणाली, आई, आई, रेंज नाही वाटतं. अश्लेषा मागून ओरडली, आजी, मी लाल फ्रॉक घातलाय!

मेसेज केला. येऊ नका. पेन ठेवलं की बोट उठतं, फोनवर नीट बसत नाही. जे गेलं ते — ये, असं गेलं. मी तसं लिहिलं नव्हतं.

लिहीत राहायचं. फाटकाला कुलूप आहे. किल्ली माझ्या उशाखाली. ते येतील, हाका मारतील, कंटाळून परत जातील. पूजा रागावेल. रागावू दे. अश्लेषा रडेल. रडू दे. रडणारं पोर चांगलं. रडू दे माझ्या बाळाला —

पूजाचा फोन, आष्ट्याला आले असतील. उचलला नाही. अर्ध्या तासात पोचतील.

ऊन वर आलंय. किती छान ऊन — नाही. लिही निमी. लिही.

गाडी. गल्लीत. धवल हॉर्न वाजवतोय.

जिन्यात पावलं. खाली जाणारी. दगडाबाई.

किल्ली. तिच्याकडेही आहे. पहिल्या दिवसापासून आहे. मी कशी —

फाटक उघडलं. बोलतेय ती. किती दिवसांनी बोलतेय, तशीच, हसत. या या, आली का माजी राणी! आवं पूजाताई, दमला आसाल. हिकडं ये गं बाळा, आदी कुकू लावते, मग वर आजीकडं जा.

पूजा हसतेय. लाव हं लाव, आज वाढदिवस आहे तिचा —

ओरडते तर आवाज नाही. खिडकी आपटली. वर कुणी बघत नाही.

अश्लेषा विचारतेय, तुमच्या बोटाला कापूस का लागलाय?

तिला दिसतो! तिला एकटीला दिसतो —

आजी, म्हणतेय. घाबरलीय. आजी! पळत येतेय जिन्यावर, दगडाबाई मागे. दार वाजवतेय. आजी, दार उघड, मला नको कुंकू, आजी —

उघडायला हवं. आत घ्यायला हवं तिला. कडी वर आहे. दोन्ही हात लागतात.

पेन ठेवावं लागेल.

कडीपुरतं. फक्त कडीपुरतं, मग लगेच उचलेन, शप्पथ, लगेच —

आले गं सोन्या, आजी आली, हे बघ, पेन ठे